चेक वटतो तेव्हा कोण कोणाचा शब्द पाळतो?

४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक वटण्याचा वेग बदलला. आज भरलेला चेक उद्या किंवा परवा पास होणार, ही रीत मागे पडली. दिवसा ठरलेल्या वेळेत शाखेत आलेल्या चेकची स्कॅन केलेली प्रत आता लगोलग पुढे जाते. ज्या बँकेतून पैसे निघायचे आहेत तिने संध्याकाळी ७ पर्यंत ‘हो’ किंवा ‘नाही’ कळवायचे असते. तिने काहीच कळवले नाही, तर चेक मंजूर धरला जातो.

चाटी गल्लीतले कापडाचे दुकान असो, अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना असो की मार्केट यार्डातला कांद्याचा आडत्या, सोलापूरचा बराचसा व्यापार उधारीवर आणि पुढच्या तारखेच्या चेकवर चालतो. चेक लवकर पास होतो तसा तो लवकर परतही येतो, आणि परत आला की घड्याळ लगेच सुरू होते. हे घड्याळ कोणते, ते ज्याला ठाऊक नाही त्याचे पैसे अडकतात. बऱ्याचदा बुडतातही.

बँकेच्या आणि निर्यातीच्या कागदांवर ‘ऑनर’ आणि ‘डिसऑनर’ हे शब्द वारंवार भेटतात. तिथे त्यांचा अर्थ अगदी व्यवहारी आहे. कागदावर जे देण्याचे कबूल केले ते ठरल्या दिवशी, ठरल्या माणसाला दिले, तर तो कागद ऑनर झाला. नाही दिले, तर डिसऑनर. आपण म्हणतो चेक वटला, चेक बाउन्स झाला. न्यायालयाच्या मराठीत त्याला धनादेशाचा अनादर म्हणतात. व्याख्या इतकीच. गोंधळ होतो तो पुढच्या प्रश्नावर: कबूल केले कोणी, आणि कोणापाशी? प्रत्येक कागदाला हे उत्तर वेगळे आहे, आणि पैसे कोणाकडे मागायचे तेही त्यावरच ठरते.

चेक म्हणजे बँकेची हमी नव्हे

समजा, एखादा यंत्रमाग कारखानदार कामगाराच्या हातात किराणा दुकानदाराच्या नावाची चिठ्ठी देतो: “यांना हजार रुपयांचा माल द्या, माझ्या खात्यावर लिहा.” कामगार चिठ्ठी घेऊन दुकानात जातो. दुकानदार वही उघडतो आणि सांगतो, “मालकांचे खाते आधीच वर गेले आहे, माल मिळणार नाही.” कामगार दुकानदाराशी भांडू शकत नाही, कारण दुकानदाराने त्याला काहीच कबूल केलेले नव्हते. दुकानदाराचा व्यवहार कारखानदाराशी. कामगाराचे भांडण मालकाशीच.

चेक ही तशीच चिठ्ठी आहे. चेक काढणारा आपल्या बँकेला लेखी हुकूम देतो. खात्यात पैसे असतील आणि चेक बिनचूक असेल, तर तो हुकूम पाळणे हे बँकेचे कर्तव्य आहे. पण हे कर्तव्य खातेदारासाठी आहे, चेक घेणाऱ्यासाठी नाही. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्यात, म्हणजे चेक, हुंडी, वचनचिठ्ठी अशा कागदांच्या कायद्यात, कलम ३१ आहे. पुरेसे पैसे असूनही बँकेने चेक नाकारला, तर बँकेने नुकसानभरपाई द्यायची, असे ते सांगते. ही भरपाई मिळते चेक काढणाऱ्याला. बाजारात नाव त्याचे खराब झालेले असते, म्हणून.

म्हणून परत आलेला चेक घेऊन बँकेच्या काउंटरवर वाद घालण्यात वेळ घालवू नका. तिथून एकच गोष्ट मागून घ्या: रिटर्न मेमो. चेक का परत आला ते या कागदावर लिहिलेले असते. पुढचे सगळे त्यावर उभे राहते.

मग चेक घेणाऱ्याला काय संरक्षण आहे?

१ एप्रिल १९८९ पूर्वी चेक बाउन्स झाल्यावर दिवाणी दावा लावण्यापलीकडे फारसे काही करता येत नसे. फसवणुकीचा इरादा सिद्ध करता आला तरच फौजदारी. त्या दिवसापासून कलम १३८ लागू झाले आणि देण्यापोटी दिलेला चेक न वटणे हाच गुन्हा झाला. आज त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

पण गुन्हा चेक परत आल्याच्या क्षणी पूर्ण होत नाही. त्यामागे तारखांची साखळी आहे, आणि लहान उद्योजक नेमके इथेच हरतात, म्हणून जरा थांबून पाहू.

समजा, हैदराबादच्या एका पार्टीने सोलापूरच्या चादर उत्पादकाला ३ लाखांचा चेक दिला. पहिली अट अशी की, चेकवरच्या तारखेपासून ३ महिन्यांच्या आत तो बँकेत भरलेला असावा. (पूर्वी ही मुदत ६ महिने होती, १ एप्रिल २०१२ पासून ती ३ महिने झाली. जुन्या आठवणीवर अजून कोणी चालत असेल तर त्याने सावध व्हावे.) ५ जानेवारीला बँकेने चेक परत आल्याचे कळवले. तिथून ३० दिवसांच्या आत पार्टीला लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस तिला १६ जानेवारीला मिळाली, तर पैसे द्यायला तिच्याकडे १५ दिवस आहेत. त्या १५ दिवसांत पैसे आले तर गुन्हा घडलेलाच नाही. नाही आले, तर त्यानंतर एका महिन्याच्या आत न्यायालयात तक्रार दाखल करायची. तक्रारीला उशीर झाला आणि कारण सबळ असले, तर न्यायालय तो माफ करू शकते. नोटिशीच्या ३० दिवसांना मात्र अशी सवलत नाही.

“पुढच्या आठवड्यात नक्की देतो, पुन्हा भरा” असे पार्टी सांगते आणि आपण गप्प बसतो, तेव्हा हे ३० दिवस निसटत असतात. दिलासा इतकाच की, चेकची ३ महिन्यांची मुदत शिल्लक असेल तर तो पुन्हा भरता येतो. तो पुन्हा परत आला, तर त्या तारखेपासून नव्याने नोटीस देता येते. पण मुदत संपली की हा मार्गही बंद.

नोटिशीतला आकडाही जपून लिहावा. त्यात चेकची नेमकी रक्कम मागावी. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, नोटिशीत चेकपेक्षा वेगळी रक्कम मागितली तर ती नोटीस अवैध ठरते आणि टायपिंगची चूक ही सबब चालत नाही. व्याज, वकिलाचा खर्च मागायचाच असेल तर तो वेगळा दाखवून मागावा.

केस कुठे लावायची, हा सोलापूरकरांच्या जिव्हाळ्याचा मुद्दा. आपली गिऱ्हाइके हैदराबाद, बेंगळुरू, सुरत, कुठेही असतात. २०१४ च्या एका निकालानंतर चेक काढणाऱ्याची बँक जिथे, तिथे जाऊन केस लावावी लागत होती. ३ लाखांसाठी दर तारखेला हैदराबाद गाठणे कोणाला परवडणार? २०१५ च्या दुरुस्तीने ते बदलले. तुम्ही आपल्या खात्यात चेक भरला असेल, तर तुमचे खाते ज्या शाखेत आहे तिथल्या न्यायालयात केस चालते. खाते सोलापूरच्या शाखेत, तर केस सोलापुरात.

“तो चेक नुसता सिक्युरिटी म्हणून दिला होता”

हा बचाव फार ऐकू येतो. न्यायालय पाहते ते असे: चेक भरला त्या दिवशी खरेच देणे होते का? होते, तर चेक देताना त्याला सिक्युरिटी म्हटले होते की आणखी काही, याने फरक पडत नाही. उलट बाजूही तितकीच खरी आहे. मधल्या काळात काही पैसे चुकते झाले असतील, आणि तरी घेणाऱ्याने जुना चेक पूर्ण रकमेसाठी भरला, तर कलम १३८ त्याच्या मदतीला येत नाही. चुकते झालेल्या रकमेची नोंद चेकवर करून उरलेलीच मागायला हवी होती, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले आहे. सूत उधार आणून दर आठवड्याला थोडेथोडे फेडणाऱ्या यंत्रमागधारकाने हे लक्षात ठेवावे आणि प्रत्येक हप्त्याची पावती जपावी.

कोऱ्या चेकवर सही करून देणे ही आपल्याकडची जुनी आणि अतिशय घातक सवय आहे. “आकडा मी लिहिलाच नाही” हे सांगून सुटका होत नाही. सही तुमची असेल, तर चेक देण्यापोटीच दिला असे कायदा गृहीत धरतो आणि तसे नव्हते हे दाखवण्याचे ओझे तुमच्यावर येते. आकडा दुसऱ्याच्या हस्ताक्षरात असला तरीही.

स्टॉप पेमेंट केले, खाते बंद केले, मुद्दाम वेगळी सही केली, या वाटाही न्यायालयांनी एकेक करून बंद केल्या आहेत. पण खरेच देणे नव्हते, माल आलाच नव्हता, आणि म्हणून पेमेंट थांबवले, असे ज्याला सिद्ध करता येते त्याला कायदा गुन्हेगार मानत नाही. देणगीचा किंवा भेटीचा चेक बाउन्स झाला तरी कलम १३८ लागत नाही, कारण मुळात देणेच नसते.

“केस केली की पैसे मिळतात ना?”

मिळतात, पण उशिरा. ३१ डिसेंबर २०१९ अखेर देशात २ कोटी ३१ लाख फौजदारी खटले प्रलंबित होते आणि त्यांतले ३५ लाख १६ हजार चेक बाउन्सचे होते, असा आकडा सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. २०१८ च्या दुरुस्तीने थोडी सोय केली. आरोपीने गुन्हा नाकारल्यावर न्यायालय त्याला चेकच्या २० टक्क्यांपर्यंत रक्कम आधीच द्यायला सांगू शकते. ‘शकते’, कारण तो न्यायालयाचा अधिकार आहे, तक्रारदाराचा हक्क नाही.

चेकवर किती भिस्त ठेवायची, याचा विचार म्हणूनच चेक घेण्याआधी करावा लागतो. फेब्रुवारी २०२३ मधली एक घटना अनेकांना आठवत असेल. बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजार समितीत ५१२ किलो कांदा विकला. हमाली, तोलाई, गाडीभाडे वजा जाऊन त्याच्या हातात आला २ रुपयांचा चेक, आणि तोही पुढच्या तारखेचा. कांद्याच्या भावावर देशभर बोलले गेले आणि ते बोललेच पाहिजे होते. मला मात्र त्या चेकवरची तारीखही तितकीच बोचते. पुढच्या तारखेचा चेक घेणे म्हणजे त्या तारखेपर्यंत आपणच समोरच्याला उधार देणे. २ रुपयांच्या चेकवर ही तारीख दिसली. मोठ्या पट्टीच्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या, चेकवर ती शेतकरी निमूटपणे स्वीकारत आला आहे. त्या तारखेआधी बँक चेकला हात लावत नाही आणि कलम १३८ चे घड्याळही सुरू होत नाही.

हुंडी आणि बिल: देणाऱ्याची सही आधी

आपल्या पेठांमध्ये चेकच्या कितीतरी आधी हुंडी चालत होती. हुंडी ज्याच्यावर काढली तो ती सकारायचा किंवा नाकारायचा. दर्शनी हुंडीचे पैसे दाखवताच, मुदती हुंडीचे ठरलेल्या मुदतीने. १८८१ चा कायदा करतानाही देशी भाषांतल्या अशा कागदांचे स्थानिक रिवाज मोडायचे नाहीत, असे पहिल्याच कलमात लिहिले गेले.

तिचे आजचे रूप म्हणजे बिल ऑफ एक्स्चेंज, बाजारातल्या भाषेत नुसते ‘बिल’. सूत विकणारा सोलापूरच्या टॉवेल उत्पादकावर ६० दिवसांचे बिल काढतो. उत्पादक त्यावर ‘स्वीकारले’ लिहून सही करतो. स्वीकारायचे की नाही हे ठरवायला कायदा त्याला ४८ तास देतो, आणि मुदत भरल्यावर वर ३ दिवसांची सवलतही. चेकपेक्षा हे वेगळे आहे, कारण ज्याने पैसे द्यायचे त्याने स्वतः सही करून घेणाऱ्यापाशी कबुली दिली आहे. म्हणून असे स्वीकारलेले बिल घेऊन सूतवाला बँकेतून मुदतीआधीच थोडी कमी रक्कम उचलू शकतो.

बिल दोन वेळा डिसऑनर होऊ शकते: स्वीकारायला नकार दिला तेव्हा, किंवा स्वीकारूनही मुदतीला पैसे दिले नाहीत तेव्हा. मग नोटरीकडे जाऊन त्याची नोंद करता येते. आणि इथे कायद्यात एक सुंदर तरतूद आहे, जी आज फारशी कोणी वापरत नाही. अशी नोंद झाल्यावर कोणीही तिसरा माणूस पुढे येऊन म्हणू शकतो की, या बिलावरच्या अमक्याची पत राखण्यासाठी मी पैसे भरतो. नोटरीसमोर तसे सांगून त्याने पैसे भरले की, ते त्या माणसाकडून वसूल करण्याचा हक्क त्याला मिळतो. आपल्या हुंडीवाल्यांकडेही हीच सोय होती. हुंडीसोबत त्याच गावातल्या ओळखीच्या पेढीच्या नावाची जिकरी चिठ्ठी दिली जायची, म्हणजे हुंडी नाकारली गेलीच तर ती पेढी सांभाळून घ्यायची. दूरच्या गावात आपल्या माणसाचे नाव जाऊ नये, याची ती काळजी होती.

एलसी: इथे बँक स्वतः शब्द देते

सोलापूरची चादर आणि टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, आणि टॉवेल परदेशातही जातो. परदेशातला खरेदीदार अनोळखी. त्याच्या चेकवर माल कोण पाठवणार? म्हणून लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजेच एलसी. खरेदीदाराची बँक थेट निर्यातदाराला लिहून देते: ठरलेली कागदपत्रे बिनचूक आणा, पैसे आम्ही देतो. चेकमध्ये बँक केवळ हुकूम पाळणारी होती. इथे ती स्वतः देणेकरी आहे. खरेदीदाराचे दिवाळे निघाले तरी.

एलसीचे नियम पॅरिसमधल्या आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाने केलेले आहेत. १ जुलै २००७ पासून लागू असलेल्या आवृत्तीला यूसीपी ६०० म्हणतात. त्यात ‘ऑनर’ची व्याख्याच दिली आहे आणि तिचे तीन प्रकार आहेत: कागद दाखवताच पैसे देणे, ठरल्या मुदतीने देण्याचे बंधन घेऊन मुदतीला देणे, किंवा निर्यातदाराने काढलेले बिल स्वीकारून मुदतीला पैसे देणे. म्हणजे ९० दिवसांच्या एलसीत आज खात्यात एक रुपयाही आला नाही, तरी बँकेने बिल स्वीकारले असेल तर ती आपल्या शब्दाप्रमाणेच वागत आहे. नव्या निर्यातदाराला हे कळत नाही आणि तो उगाच घाबरतो.

घाबरायचे ते वेगळ्या गोष्टीला. बँक कागद पाहते, माल पाहत नाही. टॉवेल उत्तम असला, पण इन्व्हॉइसवर मालाचे वर्णन एलसीशी जुळले नाही, किंवा न्हावा शेव्याहून जहाज ठरल्या तारखेनंतर सुटले, तर बँक नकार देऊ शकते. मूळ वाहतुकीची कागदपत्रे माल रवाना झाल्यापासून २१ दिवसांच्या आत आणि एलसीची मुदत संपण्यापूर्वी सादर व्हावी लागतात. उलटही खरे: कागद बिनचूक असतील तर “माल आवडला नाही” या खरेदीदाराच्या तक्रारीवर बँक पैसे अडवू शकत नाही.

बँकेवरही शिस्त आहे. कागद मिळाल्यापासून बँकेच्या कामकाजाच्या ५ दिवसांत तिने निर्णय घ्यायचा. नाकारायचे असेल तर एकाच सूचनेत सगळ्या चुका सांगायच्या. आज एक, उद्या दुसरी, असे चालत नाही. ही शिस्त बँकेने मोडली, तर कागद चुकीचे होते असे म्हणण्याचा हक्कच ती गमावते.

“आता यूपीआय आहे, चेक कोण वापरतो?”

रोजच्या खरेदीत कोणी नाही. पण कर्जाचा हप्ता बँकेतून आपोआप कापला जातो, त्याची परवानगी तुम्हीच सही करून दिलेली असते. खात्यात पैसे नसल्याने तो हप्ता परत गेला, तर २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याचे कलम २५ लागू होते. शिक्षा जवळजवळ कलम १३८ सारखीच आहे. कागद गेला, जबाबदारी तशीच राहिली.

छोट्या उत्पादकाने चेकऐवजी काय मागावे?

मोठ्या कंपनीला माल देणाऱ्या लहान उत्पादकासाठी दोन वाटा आहेत. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारकडे केलेली नोंदणी, असेल तर २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे खरेदीदाराला लेखी करार करूनही ४५ दिवसांपेक्षा जास्त उधारी घेता येत नाही. करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. माल देताना बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असू द्या.

दुसरी वाट ट्रेड्स, म्हणजे बिले ऑनलाइन वटवण्याची व्यवस्था. ज्या कंपन्यांची उलाढाल २५० कोटींच्या वर आहे त्यांना तिथे नोंदणी करणे सरकारने सक्तीचे केले आहे. तुमचे बिल कंपनी तिथे स्वीकारते, बँका त्यावर बोली लावतात, आणि जिची बोली तुम्ही निवडता ती व्याज कापून पैसे तुमच्या खात्यात भरते. पुढे मुदतीला कंपनीने पैसे दिले नाहीत, तर ती बँक कंपनीच्या मागे लागते. तुमच्याकडे पैसे परत मागायला येऊ शकत नाही.